मातीचा रंग आणि जिव्या आजोबांच्या मुंग्या

एक चमचा तांदळाचं पीठ घ्या. पाणी घालून ताकाइतकं पातळ करा. आता अंगणातली एखादी कोरडी लाल वीट शोधा, बोट पिठात बुडवा आणि विटेवर एक रेघ ओढा. काय दिसलं? फारसं काही नाही ना? नुसता ओला पट्टा. वीट पाणी प्यायला लागलीय, तिला पिऊ द्या. तोवर तुम्ही एक चक्कर मारून या. पाच-दहा मिनिटांनी परत बघा. रेघ पांढरीशुभ्र! कुणी मागाहून येऊन रंगवून गेलं की काय?

कुणी नाही आलं. पाणी उडून गेलं आणि त्याच्या जागी हवा येऊन बसली, एवढंच. पीठ ओलं असतं तेव्हा कणांच्या मधल्या फटी पाण्याने भरलेल्या असतात. उजेडाला पाण्यातून पिठाच्या कणात शिरताना फारसं वळावं लागत नाही, तो सरळ खालच्या विटेपर्यंत पोचतो आणि आपल्याला वीटच दिसते. पाणी गेलं की फटींमध्ये हवा. आता उजेड कणाकणावर ठेचकाळतो, इकडे उडतो, तिकडे उडतो आणि त्यातला बराचसा आपल्या डोळ्यांकडे परत येतो. असा सगळ्या रंगांचा उजेड सरमिसळ होऊन परत आला की आपण त्याला पांढरं म्हणतो. पावसात भिजलेला शाळेचा पांढरा सदरा अंगाला चिकटून आरपार दिसतो आणि वाळला की पुन्हा पांढरा होतो, तीच ही गंमत.

आता विचार करा. या रंगाने चित्र काढायचं तर हात चालू असताना चित्र अर्धंच दिसतं. उरलेलं अर्धं काढणाऱ्याच्या मनात असतं. मला ही गोष्ट फार आवडते. कारण ज्या माणसाबद्दल आज सांगणार आहे, त्यांच्या मनात एक अख्खा डोंगर, अख्खं रान, शेतं, नदी आणि हजारो मुंग्या होत्या. त्यांचं नाव जिव्या सोमा म्हसे.

मी हे लिहितेय खंडाळ्यातून. लोणावळ्याजवळचा घाटातला खंडाळा नव्हे हं, आपला सातारा जिल्ह्यातला, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचा. जिव्या आजोबांचं गाव इथून खूप लांब. मुंबईच्याही पुढे, उत्तरेला, गुजरातच्या सीमेजवळ डहाणू आणि तलासरी हे तालुके आहेत, तिथलं. पूर्वी तो भाग ठाणे जिल्ह्यात होता. 2014 साली पालघर हा वेगळा जिल्हा झाला. आपल्याकडे पाऊस सह्याद्री ओलांडता ओलांडता दमतो आणि आपल्या वाट्याला बाजरी-ज्वारीपुरता उरतो. तिकडे तो धो धो कोसळतो. म्हणून तिकडे भात. तिथे वारली आदिवासी राहतात, जिव्या आजोबा त्यांच्यातलेच. वारली लोकांचं जेवण भाताचं, देवाला वाहायचं ते धान्य भाताचं आणि भिंतीवर चित्र काढायचं तेही तांदळाच्याच पिठाने. ‘वारल’ म्हणजे जमिनीचा लहानसा तुकडा, त्यावरून ‘वारली’ हे नाव पडलं असंही सांगतात.

वारल्यांचं जुनं घर कुडाचं. कुड म्हणजे कारवीच्या किंवा बांबूच्या काठ्या उभ्या लावून, त्यांवर माती आणि शेण लिंपून केलेली भिंत. शेण का? नुसती चिकणमाती वाळताना आक्रसते आणि तडकते. शेणात गाईला न पचलेल्या गवताचे बारीक धागे असतात. ते धागे मातीला चहूकडून धरून ठेवतात, तडा पुढे सरकू देत नाहीत. तुमची आजी अंगण सारवते ना, तेव्हा तिचा हात हेच काम करत असतो. सारवलेल्या भिंतीवर गेरूचा हात फिरवला की पार्श्वभूमी तयार. मग तांदळाचं पीठ, पाणी आणि थोडा डिंक. डिंक हवाच, कारण थंड पाण्यात पीठ विरघळत नाही, वाळलं की भुकटी होऊन गळतं. विटेवरच्या तुमच्या रेघेवर आता बोट घासा बरं! आणि कुंचला? बांबूची काडी घ्यायची आणि तिचं टोक चावून चावून मऊ करायचं. झाला कुंचला.

म्हणजे बघा, भिंत रानातली, रंग शेतातला, कुंचला बेटातला. दुकानात जायची गरजच नाही.

ही चित्रं काढायच्या बायका. लग्न ठरलं की घराच्या आतल्या भिंतीवर सवाष्णी ‘चौक’ काढत. चौकाच्या मधोमध पालघट देवी. तिच्याशिवाय लग्न लागायचं नाही. तिच्याभोवती झाडं, प्राणी, नाचणारी माणसं. लग्न लावणारीही बाईच असते, तिला धवलेरी म्हणतात, ती गाणी म्हणत विधी करते. चित्र हे असं कामाचं होतं, शोभेचं नव्हतं. पुरुषांनी चित्र काढायची रीत नव्हती.

मग जिव्या आजोबा कसे काढायला लागले?

त्यांचा जन्म 1934 चा, तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. ते सात वर्षांचे असताना त्यांची आई वारली. सात वर्षं म्हणजे तुमच्यातल्या दुसरीतल्या मुलाएवढे. त्या धक्क्याने त्यांचं बोलणंच थांबलं. दिवस, महिने नव्हे, काही वर्षं ते बोलले नाहीत. सांगायचं असेल ते धुळीत बोटाने चित्र काढून सांगायचे. भूक लागली, चित्र. गाय हरवली, चित्र. कुणी ओळखीचं दिसलं, चित्र. हे मी कल्पनेने सांगतेय, त्यांनी नेमकं काय काय काढलं ते त्या धुळीलाच माहीत. पण इतकं खरं, की आपण जसे शब्द वापरतो तसे त्यांनी आकार वापरले. शब्द तोंडातून गेले होते, ते बोटांतून परत आले.

पुढे ते डहाणू तालुक्यात गंजाडजवळच्या पाड्यावर राहिले, शेती केली, आणि चित्रं काढतच राहिले. लग्न असो नसो, रोज. पुरुष असून, आणि रोज! पाड्यावर लोकांना हे किती वेगळं वाटलं असेल!

1970 नंतरच्या वर्षांत भास्कर कुलकर्णी नावाचे एक मराठी चित्रकार त्या भागात फिरत होते. हातमाग आणि हस्तकलेच्या सरकारी कामासाठी ते खेडोपाडी जात. त्याआधी 1966-67 च्या दुष्काळात ते बिहारच्या मधुबनीत गेले होते. भिंतीवर चित्रं काढणाऱ्या तिथल्या बायकांना त्यांनी कागद दिले, म्हणजे चित्रं विकता येतील आणि घरात चार पैसे येतील. वारली पाड्यांवरही त्यांनी कागद नेले. त्यातले काही जिव्या आजोबांच्या हाती पडले. भिंत जागची हलत नाही, पण कागद मुंबईला जातो, दिल्लीला जातो, समुद्रापलीकडे जातो. 1976 साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 1989 मध्ये पॅरिसच्या एका फार मोठ्या प्रदर्शनात जगभरच्या चित्रकारांबरोबर त्यांची चित्रं लागली. 2011 साली पद्मश्री मिळाली. 2018 च्या मे महिन्यात ते गेले. पुरस्कारांची यादी अजून लांब आहे, पण मला तुम्हाला त्यांच्या चित्रांत न्यायचंय.

आधी माणूस. दोन त्रिकोण घ्यायचे, एक उलटा, एक सुलटा, टोकाला टोक लावायचं. वरती गोल डोकं. काड्यांचे हात, काड्यांचे पाय. संपलं! नाक नाही, डोळे नाहीत, हसू नाही. तरी तो माणूस पळतोय की लावणी करतोय की दमलाय, हे लांबूनही कळतं. कसं?

याचं एक उत्तर स्वीडनमध्ये सापडलं. 1973 साली गुन्नार योहान्सन या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाला काळे कपडे घातले, खांदे, कोपरं, मनगटं, गुडघे, घोटे अशा सांध्यांवर दहा-बारा चमकते ठिपके लावले आणि त्याचं असं चित्रण केलं की ठिपक्यांशिवाय काहीच दिसू नये. माणूस नुसता उभा असला तर बघणाऱ्यांना वाटे, हे काय, विखुरलेले ठिपके! तो चालायला लागला की डोळ्यांची पापणी लवायच्या आत लोक म्हणत, अरे, हा तर माणूस चालतोय. आपला मेंदू चेहऱ्यावाचूनही माणसाला ओळखतो, तो सांध्यांच्या हालचालीवरून. खांदा कुठे, कंबर कुठे, गुडघा किती वाकला, एवढं त्याला पुरतं.

वारली त्रिकोणांत नेमकं तेवढंच आहे. वरच्या त्रिकोणाची रुंद बाजू म्हणजे खांदे, खालच्याची म्हणजे कंबर, आणि दोघांची टोकं जिथे भेटतात तिथे मानवी शरीर वळतं. वरचा त्रिकोण जरा पुढे कलला की माणूस चालू लागला. जास्त कलला की वाकून रोप लावू लागला. योहान्सनच्या चित्रणात ठिपके खरोखर हलत होते. इथे तर सगळं भिंतीवर स्थिर, तरी हललेलं वाटतं! मला वाटतं यात जिव्या आजोबांचा हात धरणारा कुणी नाही. सगळं जग सतत हलत असतं, माणसं, पाखरं, किडे, रात्रंदिवस, असं ते मानत. त्यांच्या चित्रात एकही गोष्ट नुसती उभी राहत नाही.

तारपा नाच तर तुम्ही पाहिलाच असेल, आता शाळांच्या भिंतींवरही असतो. सुका भोपळा, बांबू आणि ताडाची पानं यांचं वाद्य म्हणजे तारपा. वाजवणारा मध्ये, आणि त्याच्याभोवती हात धरलेल्या माणसांची रांग गोगलगाईच्या शंखासारखी गुंडाळत जाते. पण जिव्या आजोबांची मला सर्वांत आवडणारी चित्रं नाचाची नाहीत. एक आहे मासे पकडायच्या जाळ्याचं. पांढऱ्या रेघांचं बारीक, बारीक जाळं, इतकं मोठं की त्याने सगळं चित्र व्यापलंय, आणि माणूस त्याच्यापुढे चिमुकला. वाऱ्यावर धरलेलं जाळं कसं कुठे घट्ट, कुठे सैल होतं, ते रेघांच्या दाटीवरून दिसतं. नदीकाठी तासन् तास बसल्यावाचून असं जाळं काढता येत नाही.

दुसरं मुंग्यांचं. मुंग्याच मुंग्या, वारुळाकडे, वारुळातून, ओळीने, वळणं घेत. मुंगी म्हणजे पांढरे दोन-तीन ठिपके आणि केसाएवढे पाय. जवळून मुंग्या, लांबून पाहिलं तर वाहती नदी. मुंग्या अशा ओळीत का चालतात ठाऊक आहे ना? पुढे गेलेली मुंगी जमिनीवर वासाचा माग ठेवते. मागची तो हुंगत येते आणि आपलाही वास त्यात मिसळते. जवळच्या वाटेवर मुंग्यांच्या फेऱ्या लवकर लवकर होतात, तिथला वास ताजा राहतो, आणि हळूहळू सगळी रांग त्याच वाटेला लागते. पुढारी कुणी नसतो. जिव्या आजोबांना हे शास्त्राच्या पुस्तकातून कळलं नव्हतं. शेताच्या बांधावर बसून पाहिलं होतं. त्यांच्या ओळी बघा, खऱ्या मुंग्यांसारख्याच वळतात.

आता मुंग्यांच्याच मागोमाग ऑस्ट्रेलियात जाऊ या. तिथल्या वाळवंटात पापुन्या नावाची वस्ती आहे. इंग्रज यायच्या हजारो वर्षं आधीपासून राहणारे तिथले मूळ लोक वाळूवर, अंगावर, खडकावर चित्रं काढत आलेत. रंग कुठले? तेच, जमिनीतले. तांबडी, पिवळी, पांढरी माती आणि कोळसा. 1971 साली पापुन्याच्या शाळेत जेफ्री बार्डन नावाचे चित्रकलेचे शिक्षक आले. शाळेच्या भिंतीवर तुमचं काहीतरी काढा, असं त्यांनी गावच्या मोठ्या माणसांना सुचवलं. त्या माणसांनी ठरवलं, मधमुंगीची गोष्ट काढायची. ही मुंगी फार अद्भुत बरं का. वारुळातल्या काही मुंग्या छताला लटकून राहतात आणि बाकीच्या त्यांना गोड रस भरवत जातात. त्यांचं पोट द्राक्षाएवढं फुगतं. दुष्काळ आला की हीच त्यांची साठवणीची मडकी! पापुन्याची जमीन त्या मुंगीच्या पूर्वजाचीच, असं तिथले लोक मानतात.

भिंतीवर आधी मुंगी काढली ती पुस्तकात असते तशी, हुबेहूब. बार्डन यांनी विचारलं, ही तुमची मुंगी आहे का? तेव्हा कापा त्जाम्पित्जिन्पा या चित्रकारांनी ती पुसून आपल्या वाडवडिलांच्या खुणांतली मुंगी काढली. तिथून त्या लोकांच्या चित्रांची जगाला ओळख झाली. पुढे चित्रकारांनी आपली संस्था काढली. ती मूळ भिंत मात्र काही वर्षांत कुणीतरी वरून रंग मारून पुसून टाकली. वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं.

ऑस्ट्रेलियातल्या या लोकांचा एक कडक नियम आहे. ज्या जमिनीची गोष्ट तुमच्या घराण्याकडे सोपवलेली आहे, तीच तुम्ही रंगवायची. दुसऱ्याच्या जमिनीची गोष्ट परवानगीवाचून काढायची नाही. आणि डहाणूतले जिव्या आजोबा काय काढत? पावसाआधी पालापाचोळा पसरून राब भाजणं, भाताची लावणी, ताडावर चढलेला माणूस, वाघदेव, मासे, वारूळ. तिथलंच सगळं. जगाच्या दोन टोकांची माणसं, पण दोघांनीही पायाखालची जमीनच चित्रात आणली.

आता आपल्या जमिनीकडे या. गेरूचा लाल रंग येतो कुठून? लोखंडाच्या गंजातून. तुमच्या जुन्या सायकलच्या साखळीवर जो तांबडा थर येतो, त्याचं आणि गेरूचं जवळचं नातं. लोखंड आणि प्राणवायू एकत्र येऊन हा रंग होतो, आणि तो उन्हाने फिका पडत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या एका गुहेत सुमारे 1 लाख वर्षांपूर्वी माणसांनी गेरू कुटून शिंपल्यात कालवून ठेवलेला सापडलाय! आपल्या पायाखालचा काळा खडक, बेसॉल्ट, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्याच्यातही लोखंड भरपूर. घाटात रस्त्याकडेला कधी कधी दोन काळ्या थरांच्या मध्ये लाल पट्टा दिसतो. एक लाव्हा थंड झाल्यावर दुसरा यायच्या आधी जो काळ गेला, त्यात वरचा भाग झिजून लाल झाला, तो हा पट्टा. पुढच्या वेळी खंबाटकी चढताना एसटीच्या खिडकीशी बसा आणि दिसतो का बघा. वीटभट्टीवरही हाच खेळ चालतो. काळपट माती आत जाते, लाल वीट बाहेर येते. आगीने मातीतल्या लोखंडाचा रंग बदलतो.

मला एक सांगायचंय. आपल्याकडे कितीतरी भिंतींवर हल्ली वारली चित्रं दिसतात. छान दिसतात. पण त्यांत तारपा असतो, ताडाची झाडं असतात. खंडाळ्यात तारपा कुणी वाजवतो का? आपण जिव्या आजोबांचे आकार उचलले, त्यांचं बघणं उचललं नाही. ते आज इथे आले असते तर त्यांनी काय काढलं असतं? मला वाटतं, आषाढी वारीत नीरा ओलांडून लोणंदकडे येणारी माउलींची पालखी. हजारो माणसांची ती रांग मुंग्यांच्या नदीसारखीच दिसते ना? लोणंदच्या बाजारातले कांद्याचे ढीग. मेंढरं घेऊन निघालेले धनगर, पुढे घोडं, मागे कुत्रं. खंबाटकीच्या वळणावर एकामागून एक चढणारे ट्रक. सावित्रीबाई फुलेंच्या नायगावातल्या, शाळेला निघालेल्या मुलींची रांग.

हे काढायला रंगही इथलाच घ्या. तीन जागची माती आणा, मूठ मूठभर: एक काळ्या रानातली, एक डोंगराच्या उतारावरची, एक नीरेकाठची किंवा ओढ्याकाठची. प्रत्येक माती वेगळ्या ग्लासात पाण्यात कालवा आणि मोजून तीस आकडे म्हणेपर्यंत थांबा. खडे आणि वाळू तळाला बसतील. वरचं गढूळ पाणी अलगद दुसऱ्या ग्लासात ओता आणि रात्रभर ठेवा. सकाळी वरचं नितळ पाणी ओतून टाकलंत की तळाला लोण्यासारखी मऊ माती उरेल. तोच तुमचा रंग. त्यात पाण्यात भिजवलेला बाभळीचा डिंक चमचाभर घाला. काळ्या रानातली माती कागदावर वाळली की तडकेल. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि सुकून आक्रसते, उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात तशा. मग काय करायचं, ते वर सांगितलंय. शेणाचा वास येऊ नये म्हणून नाक धरलंत तरी चालेल, पण करून बघा.

पांढरा रंग मात्र तांदळाचा नको, तो तिकडचा. आपल्याकडच्या ज्वारीचं पीठ घ्या, बारीक चाळून. तांदळाइतकं पांढरं दिसतं का, की जरा पिवळसर, ते वाळल्यावर नीट बघा आणि वहीत लिहून ठेवा. आणि आज रात्री माती भिजत घातलीत, तर सकाळी शाळेला जायच्या आधी वरचं पाणी ओतायला विसरू नका.